गोळीचा वानवळा

आयुष्याची पहिली सोळा वर्षं मी झोपून काढली, असं आमच्या भावकीत अजून सांगतात. सांगणाऱ्याला हसू येतं आणि आता मलाही येतं. बोरी बुद्रुकच्या आमच्या घरात मी झोपले नाही अशी जागा शिल्लक राहिली नव्हती. भाकरी थापता थापता परातीत कपाळ टेकवून झोपले, शेंगा फोडताना सुपावर झोपले, आई म्हशीची धार काढत असताना तिच्या पाठीला पाठ लावून झोपले, आणि एकदा शाळेत प्रार्थना चालू असताना उभ्याउभ्या झोपून पुढच्या मुलीला घेऊन खाली पडले. रात्री झोप होत नव्हती असं नाही. कोंबड्यासंगं उठायचे, चांगली ताजीतवानी असायचे, आणि दिवस कासराभर वर आला की डोळ्यांवर कुणी ओली गोणी टाकल्यासारखं व्हायचं. त्या गोणीखालून बाहेर यायला मी किती धडपडायचे ते कुणाला दिसायचं नाही. लोकांना दिसायची ती फक्त पेंगणारी मनीषा. म्हणून माझं नाव पडलं पेंगी. नाव ठेवणाऱ्यांत वडील नव्हते, पण ऐकून हसणाऱ्यांत होते. नानांना, म्हणजे वडिलांना, मी कधी त्याबद्दल बोल लावला नाही. चार पोरींत एक झोपाळू निघाली तर बाप तरी काय करणार!

उपाय काही कमी झाले नाहीत. डोळ्यांत कांद्याचा रस घालून झाला, आणि कांद्याला आमच्याकडे तोटा नव्हता. अंगारा लावून झाला. शाळेतल्या गुरुजींनी मला खिडकीशी बसवलं, मग दाराशी, मग फळ्याशी, आणि शेवटी हात जोडून मागच्या बाकावर बसवलं, म्हणजे निदान बाकीच्यांचं लक्ष जायला नको. आईचा भरवसा चहावर. आलं ठेचून, गूळ घालून तांब्याभर चहा ती मला पाजायची आणि मी तो पिऊन तांब्या मांडीत घेऊन झोपायचे. एकटीनं उसाच्या बांधाला जायची मला सक्त मनाई होती. "तू तिथं पेंगणार, अन् वाघरू आयतं उचलून न्हेणार," असं नाना म्हणायचे, आणि ते गमतीनं म्हणत नव्हते. आमच्याकडे बिबट्याला वाघरूच म्हणतात आणि उसात ते असतंच.

आमच्या घराला लागून हिराकाकूचं घर. काकू म्हणजे नानांच्या चुलतभावाची बायको. काका चाकणला कंपनीत, आठवड्यानं घरी यायचे. दोघी लेकी सासरी गेलेल्या. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. कुणी कधी आणि का ठेवला ते ठाऊक नाही, पण दिवसभर त्यातून काही ना काही इकडून तिकडे जात असायचं. इकडून ताक जायचं, तिकडून लोणच्याची फोड यायची. तिकडून काडेपेटी यायची, इकडून विरजण जायचं. वाटी कधी रिकामी परत गेली नाही; काही नसलं तर आई चिमूटभर साखर घालून पाठवायची. काकूचा आवाजही त्याच कोनाड्यातून यायचा. तो ठसठशीत आवाज, बांगड्यांची किणकिण आणि पलीकडच्या चुलीचा धूर, हे माझ्या लहानपणाचं घर. कुणी मला घराचं चित्र काढायला सांगितलं तर मी आधी तो कोनाडा काढीन.

आणि वानवळा. नव्या पिढीतल्या पोरींना हा शब्द समजावून सांगावा लागतो म्हणून वाईट वाटतं. शेतातलं पहिलं काही घरात आलं की ते आधी शेजारीपाजारी द्यायचं, मग आपण खायचं, हा वानवळा. पहिली गवार, पहिल्या शेंगा, म्हैस व्याली की चीक, नवा कांदा, उसाची दोन कांडी. देणाऱ्यानं मोजायचं नाही आणि घेणाऱ्यानं नको म्हणायचं नाही. "न वाटता खाल्लेलं अंगी लागत न्हाई," हे आईचं म्हणणं, आणि ती ते इतक्या ठामपणे म्हणायची की लहानपणी मला वाटायचं पोटात बसून कुणीतरी तपासत असेल. आमच्या घरात 'माझं' असं काही नव्हतं. चार बहिणींत कंगवा एक, चपलांचे जोड तीन. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की पुढं मी जे केलं ते वाईट बुद्धीनं केलं नाही. चांगल्या वळणानंच घात केला.

मी आळशी नाही हे गावात पहिल्यांदा ओळखलं ते हिराकाकूनं. एक दिवस आमच्या ओसरीवर नानांसमोर पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, रागावू नका. पण पोरगी आळशी न्हाई. आळशी माणूस काम टाळून झोपतं. ही काम करता करता झोपती. ह्यात फरक हाये." नाना म्हणाले, "मंग काय करू म्हणती?" काकू म्हणाली, "पुण्याला दाखवा. मोठा डाक्टर. मी येते संगं." नानांनी आधी टाळलं. काकूनं महिनाभर तो विषय कोनाड्यातून रोज एकदा इकडे ढकलला. शेवटी नानाच कंटाळले.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला एक रात्र आणि एक दिवस झोपवून तपासलं. मला झोपायला सांगितलं आणि त्यासाठी कुणी रागावलं नाही, असा तो पहिलाच प्रसंग. दुसऱ्या दिवशी त्यांनी नानांना खोलीत बोलावून सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, जाग आणि झोप यांच्यातलं दार हिचं नीट लागत नाही, आळसाशी याचा काही संबंध नाही. नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. बसमध्ये बसल्यावर, काकूच्या पलीकडून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला पेंगी म्हणलं की मी हसायचो." एवढंच. मी खिडकीतून बाहेर बघत होते, पण ऐकलं. आजही आठवलं की डोळे भरून येतात.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी बरंच काही केलं. छातीला तारा लावून कागदावर रेघा काढल्या, रक्तदाब पाहिला, वजन घेतलं, घरात कुणाला हृदयाचं दुखणं होतं का, कुणी तरुणपणी अचानक गेलं का, कुणाला फिट येते का, असं खोदून खोदून विचारलं. "सोयरीक जमवताना बी येवढी चौकशी करत न्हाईत," नाना नंतर म्हणाले. मग सूचना. सकाळी न्याहारी करून गोळी घ्यायची, दुपारनंतर घ्यायची नाही, नाहीतर रात्रीची झोप जाईल. चहा कमी. विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आपल्या मनानं वाढवायची नाही आणि बंदही करायची नाही. सर्दी-खोकल्याची साधी गोळी घ्यायची तरी आधी विचारायचं. छातीत धडधडलं, चक्कर आली, तर लगेच दवाखाना गाठायचा. दर महिन्याला वजन. गोळ्या कुलपात. आणि शेवटी माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "ही गोळी फक्त हिची. घरातल्या दुसऱ्या कुणालाही नाही. कितीही थोडी असली तरी नाही."

नानांनी मान हलवली, मीही हलवली. हिराकाकू बाहेर पिशव्या सांभाळत बसली होती, तिनं यातलं काही ऐकलं नाही. आणि आम्ही दोघांनी जे ऐकलं त्यातलं ते शेवटचं वाक्य आमच्या कानावरून वाहून गेलं. आमच्या घरात 'फक्त हिचं' असं काही असतं कुठं? नानांनी त्याचा अर्थ एवढाच लावला की गावात बोभाटा करू नये. घरी आल्यावर कुलपाचं काय करायचं, हा प्रश्न आईनं सोडवला. इतक्या लांबून आणलेली, चिठ्ठीवर शिक्का मारून मिळालेली वस्तू तिनं देव्हाऱ्यात ठेवली, अन्नपूर्णेच्या मागं. देवापेक्षा पक्कं कुलूप कोणतं? देव्हाऱ्याला दार नव्हतं, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही.

गोळीनं काय झालं ते कसं सांगू! फार मोठं काही झालं नाही. ओली गोणी उचलली गेली, एवढंच. शाळेत चौथा तास कसा असतो ते मी अकरावीत असताना पहिल्यांदा पाहिलं. चौथ्या तासाला खिडकीतून ऊन तिरपं येतं आणि बाईंच्या हातातला खडू चमकतो. दुपारी आईनं हाक मारली आणि मी पहिल्या हाकेला 'ओ' दिली, तर ती दचकून बाहेर आली. भूक मात्र मंदावली. दुपारचं ताट तसंच राहायला लागलं तशी आईचा जीव खालीवर व्हायला लागला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की गोळीआधी पोटभर न्याहारी द्या, संध्याकाळी भूक येईल तेव्हा हात आखडू नका, आणि वजनावर लक्ष ठेवा. मग दर महिन्याला कांद्याच्या वजनकाट्यावर, दोन गोण्यांच्या मध्ये, मला चढवायचे. "एक नंबर माल हाये," असं म्हणत काकू भिंतीवर कोळशानं आकडा लिहायची.

पण गावात कुजबूज होतीच. ती गोळी नशेची आहे, पोरीला सवय लागेल, लग्न कसं व्हायचं. नाना ऐकून घ्यायचे आणि आतल्या आत झुरायचे. बारावीचं वर्ष लागलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "शिक, मी न्हाई म्हणत न्हाई. पर ह्या गोळीनं कायबी वंगाळ घडलं, त्या दिवशी ती बंद. मंग शाळा बी बंद." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गोळी गेली तर मी पुन्हा पेंगी होणार, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

ते दिवस कांद्याच्या लागणीचे, ऐन थंडीचे. आमच्याकडे लागण सावडीनं व्हायची. आज पाचसहा घरच्या बाया तुझ्या रानात, उद्या त्याच बाया माझ्या रानात. एखादी आली नाही तर तिचा वाफा बाकीच्यांच्या पाठीवर पडतो, म्हणून सावड चुकवणं म्हणजे मोठा कमीपणा. त्या दिवशी पाळी आमच्या रानाची होती. ज्याच्या रानात लागण त्याच्या घरचं जेवण, म्हणून आईनं पहाटेपासून मासवडीचा घाट घातलेला. मासवडीत मासा नसतो, हे बाहेरच्या पावण्यांना दर वेळी सांगावं लागतं. बेसनाच्या मऊ थापीवर तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं भाजलेलं सारण पसरून गुंडाळी करायची, माशाच्या आकारानं दाबायची आणि वड्या कापायच्या. सोबत डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. घरभर तिळाचा वास सुटला होता. मला शाळेला सुट्टी होती. न्याहारी करून मी देव्हाऱ्यातून माझी गोळी घेतली आणि कोनाड्यातून काकूचं शिंकणं ऐकलं.

काकूला तीन दिवस पडसं होतं. नाक चोंदलेलं, डोकं जड, अंग मोडून आलेलं. किराणा दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून ती सकाळ-संध्याकाळ घेत होती आणि वर आल्याचा चहा पेल्यावर पेला पीत होती. कोनाड्यातून तिचा लालबुंद चेहरा दिसला. "मने," ती म्हणाली, "आज अंगात बळ न्हाई गं. पर सावड हाये, कसं चालंल? तुझी ती तरतरीची गोळी दे की एक. येवढी देवाम्होरं ठिवलीय, आमाला न्हाई व्हय तिचा वानवळा?"

ती हसत म्हणाली. मीही हसले. आणि क्षणभरही विचार न करता, ज्या काकूमुळे ती गोळी घरात आली तिला नाही कसं म्हणायचं, म्हणून एक गोळी काढली, वाटीत ठेवली आणि कोनाड्यातून पलीकडे सरकवली. नुसती गोळी द्यायची बरं दिसत नाही म्हणून वाटीत साखरही घातली. ती वाटी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, पितळेची, काठाला पोचा आलेली.

रानात पहिला तासदोन तास काकूनं कमाल केली. वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखलात वाकून रोप ठेवायचं आणि अंगठ्यानं दाबायचं, या कामात ती सगळ्यांच्या पुढं निघून गेली. तोंडाचा पट्टाही चालू. "हिराबाई, आज काय इंजिन बसवलंय का?" बाया चेष्टा करत होत्या. मला तर मनातून अभिमानच वाटत होता. जेवणाच्या वेळी मात्र काकूनं मासवडीला हात लावला नाही. हिराकाकू मासवडी खात नाही, ही गोष्टच खरी वाटेना. तिनं फक्त चहा मागितला. मग पेला खाली ठेवून छातीवर हात दाबला आणि म्हणाली, "छातीत पाखरू कोंडल्यावाणी व्हतंय गं. फडफड, फडफड." कपाळावर, त्या थंडीत, घामाचे थेंब. डोकं ठणकतंय म्हणाली. उभी राहिली आणि मटकन बसली.

"पित्त झालं," एक म्हणाली. "रिकाम्या पोटी वाकल्यावर पित्त व्हतंच," दुसरी म्हणाली. आईनं लिंबूपाणी आणलं. मला ठाऊक होतं ते पित्त नाही. छातीत धडधडलं तर लगेच दवाखाना, हे डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. ते माझ्यासाठी सांगितलेलं होतं, आणि ते होत होतं काकूला. मी तोंड उघडलं आणि समोर नाना दिसले, आणि तोंड मिटलं. कायबी वंगाळ घडलं त्या दिवशी बंद. मी त्या बांधावर उभी राहून हिशेब केला, आणि खरं सांगायचं तर मी त्या हिशेबात काकूला धरलंच नाही, फक्त स्वतःला धरलं. तिला पिकअपमध्ये बसवलं, नारायणगावच्या दवाखान्यात पोचलो, तोवर तासभर गेला. त्या तासभर मी तिचा गार पडलेला हात धरून बसले होते आणि गप्प होते. एवढी जागी मी आयुष्यात कधी नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान, बोलायला तुटक. रक्तदाब घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा घेतला. "यांनी काय काय घेतलंय आज?" आई म्हणाली, "कायच न्हाई हो. चहा. अन् सर्दीची गोळी." "आणखी?" काकूनं माझ्याकडे पाहिलं. तिला बोलता येत होतं. ती सांगू शकत होती, पण सांगत नव्हती. मला वाचवायला ती गप्प बसलीय हे कळलं. मी म्हणाले, "माझी गोळी. सकाळी मी दिली. झोपेच्या आजारावरची." आणि गोळीचं नाव सांगितलं, किती वाजता दिली ते सांगितलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र पाहिलं. पुढं सगळं भराभर झालं. छातीला तारा लावल्या, सुई लावली, पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, दोघं इंग्रजीत बोलले. आम्हाला बाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर आई देवाचं नाव घेत होती आणि मी कोणत्या तोंडानं घेऊ, या विचारात होते. दिवस कलायच्या आत बाई बाहेर आल्या. धडधड उतरतेय, धोका टळतोय, पण आजची रात्र इथंच ठेवू, असं सांगितलं. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "त्यांचा रक्तदाब आधीपासून वाढलेला असणार, त्यांना माहीत नव्हतं. त्यात सर्दीची गोळी, त्यात इतका चहा, आणि त्यावर तुझी गोळी. पित्त समजून यांनी घरी झोपवलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. खरं बोललीस. पण तासभर उशिरा बोललीस."

ते वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवलंय. कुणी माझं कौतुक करायला लागलं की मी मनातल्या मनात ते म्हणते. बाईंचे मी उपकार मानते, काकूसाठी तर मानतेच, पण त्या अर्ध्या वाक्यासाठीही मानते. त्यांनी ते गोड केलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूला घरी आणलं. ती आमच्या दारात पाऊल टाकते तोच नानांनी देव्हाऱ्यातून गोळ्यांची डबी काढली. तडक चुलीकडे निघाले. आई मध्ये आली नाही. मीही आले नाही. मला तो हक्क राहिला नव्हता. काकू भिंतीला धरून पुढं आली, चुलीच्या आणि नानांच्या मध्ये उभी राहिली. दिराचा मान ठेवून ज्या बाईनं जन्मात नानांच्या डोळ्याला डोळा देऊन शब्द काढला नाही, तिनं त्या दिवशी हात पुढं केला.

"द्या ती हिकडं. चूक माझ्या जिभेची हाये, गोळीची न्हाई. मी मागितली, तिनं दिली. आपल्या घरात मागितलेलं न्हाई कोन म्हणतं? विहिरीत पोरगं पडलं तर इहीर बुजवत्यात व्हय, भावजी? कठडा बांधत्यात."

चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग नानांनी डबी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मंग तूच बांध कठडा."

आणि तिनं बांधला. लेकीच्या रुखवतातून मागं राहिलेला पत्र्याचा छोटा पेटारा काढला, त्यात डबी ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली. मग मला समोर बसवून डॉक्टरांनी काय काय सांगितलंय ते सगळं पहिल्यापासून वदवून घेतलं. या वेळी एकही शब्द वाहून जाऊ दिला नाही. रोज सकाळी माझी न्याहारी झाली की कोनाड्यातून आवाज यायचा, "खाल्लं का पोटभर? ताट दाखव." ताट दाखवलं की वाटी यायची, तीच पोचा आलेली, आणि तिच्यात एक गोळी. साखर नाही. ती तिच्या समोर घ्यायची मी, आणि मग काकू स्वतःच्या रक्तदाबाची गोळी घ्यायची, माझ्या समोर. छातीत कसं वाटतं, डोकं दुखतं का, रात्री झोप लागली का, हे विचारल्याशिवाय तिनं एकही दिवस सोडला नाही. "तुझ्या गोळीनं माझं बीपी धरून दिलं बघ," असं ती एकदा तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंना म्हणाली, तर त्या इतक्या रागावल्या की म्हणाल्या, "चुकीचे आभार मानू नका, मावशी. नशिबाचे माना." तेव्हापासून ती तसं बोलत नाही. पण मनात मानत असणार, मला माहीत आहे.

बारावीला मी पास झाले. फार गुण नव्हते, पण सगळे पेपर मी जागेपणी लिहिले. मग शिवणकामाचा कोर्स केला. निरगुडसरचं स्थळ आलं तेव्हा गावातल्या शहाण्यांनी सल्ला दिला की आजाराचं बोलू नका. काकू उठून पाहुण्यांच्या समोर जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली, गोळीसकट, स्वतःच्या दवाखान्यासकट. मुलगा म्हणाला, "आमच्या घरात कुलपाचं कपाट हाये." मी दाराआडून ऐकत होते. त्या वाक्यावर मी हो म्हटलं.

पाठवणीच्या दिवशी काकूनं ओटीत काय काय घातलं! तीळ, गूळ, कांद्याचं बी, मासवडीचा डबा. सगळं देऊन झाल्यावर मला कोनाड्यापाशी बोलावलं, ती पलीकडे, मी अलीकडे. पेटारा माझ्या सामानात गेलाच होता; त्याची कमरेची किल्ली सोडवून तिनं वाटीत ठेवली आणि सरकवली. "येवढं एक कुनाला देऊ नगो," म्हणाली. "बाकी समदं वाट." आणि रडायला लागली. मी तर आधीपासूनच रडत होते.

आता माझे निम्मे केस पांढरे झालेत. निरगुडसरला माझा शिवणक्लास आहे, पाचसात मशिनी आणि पंधरावीस मुली. गोळी अजून घेते. मधल्या काळात डॉक्टर बदलले, मात्रा बदलली, वयाप्रमाणे हृदयाच्या तपासण्या वाढल्या. मुलींपैकी एखादी परीक्षेच्या दिवसांत हळूच येते आणि म्हणते, "मॅडम, ती जागं राहायची गोळी द्या ना एक, फक्त एक." मी तिच्यावर रागावत नाही. तिला शेजारी बसवते आणि सांगते की ही गोळी मला जिथं आणून सोडते तिथं तू आधीच आहेस, बाळा. तुला ती तिथून कुठं नेईल ते मी एकदा बघितलंय. आणि मग काकूची गोष्ट सांगते, तासभर गप्प बसल्यासकट. ते सांगताना जीभ अजून जड होते, पण गाळत नाही.

काकू सत्तरी ओलांडून पुढं गेलीय. आमचं जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हा भिंत सलग झाली, कोनाडा गेला. पण रोज सकाळी माझी न्याहारी होते न होते तोच फोन वाजतो. तिचा आवाज तसाच आहे, ठसठशीत, आणि मागे बांगड्यांची किणकिण.

"घेतली का गं?"

"घेतली. तू घेतलीस का?"

"घेतली की. माझी मी, तुझी तू." आणि मग लगेच, "मने, मेथी लई आलीय औंदा. पाठवू का वानवळा?"